बंद बोगद्यातून कुणीतरी वेळ विचारत होतं

हे ऐकीव नाही. ज्यांच्यावर बेतलं ते सम्मय्या माझे दाजी, माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा.

मंचिर्यालजवळची कोळशाची खाण. बोनालूच्या सणाच्या आदल्या दिवसाची भर दुपार.

खाणीतली गॅस मोजणारी यंत्रं, फोन, कॅमेरे... सगळ्यांची घड्याळं वरच्या ऑफिसातल्या टाइम सर्व्हरशी जुळती ठेवायची, हे दाजींचं काम. घड्याळं चुकली तर गॅस आधी कुठे सुटला ते कळत नाही. माणसं मरतात.

त्या दुपारी सर्व्हरला एक जास्तीचं यंत्र वेळ विचारत होतं.

पुन्हा... पुन्हा...

यंत्राचा नंबर दाजींनी दोनदा तपासला.

ते बंद बोगद्यातलं होतं. तिथे छत कोसळून कोमुरय्या नावाचा कामगार गाडला गेला होता. प्रेतही निघालं नाही. शेवटी विटांची भिंत घातली.

"वायरीत पाणी शिरलं असेल," जोडीदार लच्चन्ना हसला. "चल बावा, कापून टाकू. मेलेल्याला कशाला हवंय घड्याळ?"

दोघं खाली उतरले.

भिंतीच्या भोकातून वायर लोंबत होती. लच्चन्नाने ती मनगटाला गुंडाळून ओढली.

आणि वायर... आतून ओढली गेली.

त्याचा हात खांद्यापर्यंत भोकात गेला. कडकन हाड मोडलं. दाजींनी त्याची कंबर धरली. आतून हिसके बसत होते. दर हिसक्याला लच्चन्नाचं डोकं भिंतीवर आपटत होतं. विटा रक्ताने भिजल्या.

मग आतून, दमलेल्या आवाजात...

"किती वाजले रे?"

दाजींच्या तोंडून निघून गेलं, "दोन वाजून गेले, अन्ना. पाळी सुटली. घरी जा."

ओढ थांबली.

लच्चन्ना मागे कोसळला. हात आतच राहिला. वर आणेपर्यंत तो संपला होता.

संध्याकाळी दाजी घरी पोचले तर अंगणात गर्दी. दार बिजागऱ्यांसकट उखडलेलं. माझी बहीण स्वरूपा स्वयंपाकघरात पडली होती. ओठ फाटलेले, बरगड्या मोडलेल्या... केसांत कोळशाची भुकटी.

कंपनीने दाजींना दिलेलं ते क्वार्टर आधी कोमुरय्याचं होतं.

शुद्धीवर आल्यावर ती पुटपुटली, "म्हणत होता, माझ्या घरात तू कोण? माझी बायको कुठंय?"

कोमुरय्याची बायको दुसरं लग्न करून वारंगळला गेली होती.

"तू काय म्हणालीस?" दाजींनी विचारलं.

स्वरूपा रडू लागली.

"मारत होता हो... ती कुठंय ते सांगितलं मी."

दाजींनी तिथूनच वारंगळला फोन लावला. अजूनही लावतात.

फोन वाजतो... कुणी उचलत नाही.

तिथे जाऊन बघायची आमच्यापैकी कुणाची छाती होत नाही.