शेवंतीची कमान

ट्रस्टची सगळी मंडळी बघायला उभी होती आणि त्यांच्या डोळ्यांदेखत शेवंतीची कमान कोसळली. खालचा लाकडी साचा काढला, कमान क्षणभर तोलून राहिली, मग मधल्या विटा घसरल्या आणि पाठोपाठ सगळंच खाली आलं. कोणाला लागलं नाही, एवढंच नशीब.

ही हकीकत मार्तंडच्या कानी आली ती दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी. मुलुंडच्या त्याच्या बैठ्या घरात तेव्हा अनंत पोह्यांवर ताव मारत होता. अनंत मार्तंडचा शाळासोबती, फोर्टातल्या एका विमा कचेरीत कारकून. मार्तंड खासगी तपासाची कामं करी आणि रविवारी अनंत त्याच्यामागून हिंडे. अनंतच्या बायकोच्या भाषेत याला उनाडक्या म्हणत.

मुलुंड तेव्हा निराळंच होतं. घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त, भांडुपच्या अंगाला भातखाचरं, स्टेशनाबाहेर पेंगणारे टांगे. जिकडे पाहावं तिकडे बांधकाम निघालेलं. फाळणीनंतर आलेल्यांना घरं हवी होती, गिरणगावातल्यांना मोकळी हवा. कुठेतरी चुन्याची घाणी चालू असायची. बैल गोल गोल फिरायचा आणि दगडी चाकाची घरघर दुपारभर ऐकू यायची. सिमेंटनं पुढे ती घाणी गिळली. त्या मुलुंडची आठवण निघाली की अनंतला अजून आधी तो आवाज आठवतो आणि जीव उगाच हुरहुरतो.

तक्रार घेऊन आल्या होत्या मृणालिनीबाई. त्यांचे वडील घमेली उचलत उचलत कंत्राटदार झाले आणि जाताना मजुरांना कारागिरी शिकवण्यासाठी एका ट्रस्टकडे पैसा ठेवून गेले. गवंड्याचं काम तोवर घरातच राहायचं; मिस्त्री शिकवायचा ते मुलाला, नाहीतर भाच्याला. बाकीच्यांनी पाठ वाकेपर्यंत ओझी वाहायची. बायकांच्या हाती तर थापी म्हणून कोणी देत नसे. बाईंच्या वर्गात जो येईल त्याला शिकवत, आणि थापी धरणारी पहिली बाई होती शेवंती.

पुढच्या रविवारी ट्रस्टची सभा होती. वर्गाला पैसा द्यायचा की नाही, ते तिथं ठरणार होतं. ट्रस्टमधले बडे ठेकेदार श्यामसुंदर यांनी कालच सांगून टाकलं होतं, की बायकांना गवंडी करायचा हा पोरखेळ बंद करा आणि त्या पैशाची धर्मशाळा बांधा.

"कमान शेवंतीच्या चुकीनं पडली असेल तर माझं काही म्हणणं नाही," बाई म्हणाल्या. "पण तिचं काम मी रोज बघत होते. वर्ग बंद झाला तर ती सोमवारपासून पुन्हा डोक्यावर घमेलं घेईल. ते मला बघवणार नाही."

मार्तंडनं चपला पायात सरकवल्या. अनंतनं उरलेले पोहे उभ्या उभ्या संपवले.

वर्ग भरे तो प्लॉट रस्त्याच्या टोकाला होता. एक पत्र्याची शेड, कुंपणाला तारा, मधोमध कमानीचे दोन खांब आणि त्यांच्यामध्ये विटांचा ढीग. मार्तंडनं एक वीट उचलली. तिला चिकटलेला माल त्यानं अंगठ्यानं दाबला, तर तो ओल्या मातीसारखा सुटून आला. कमान बांधून आठवडा होऊन गेला तरी तो वाळला नव्हता. खांबांतला माल मात्र टणक होता.

"मुंग्या किती झाल्यात बघ," मार्तंड म्हणाला. ढिगावर लाल मुंग्यांची रांग लागली होती.

"काल सगळ्यांना चहा दिला असेल. सांडला असणार कोणाच्या तरी हातून," अनंत म्हणाला. चहाचे रिकामे पेले शेडच्या दाराशी पडलेही होते.

वर्ग शिकवणारे विद्याधर तरुण ओव्हरसियर होते. त्यांचा चेहरा पार उतरला होता. सिमेंट कुठून आलं, असं विचारल्यावर ते चाचरत म्हणाले, की श्यामसुंदरांच्या गोदामातून, देणगी म्हणून. अनंतनं मार्तंडला कोपरखळी मारली. चोर सापडला, असा त्याच्या चेहऱ्यावर भाव होता.

पण विद्याधरांनी त्यावर लगेच पाणी ओतलं. कमान बांधली त्याच दिवशी, त्याच पोत्यातलं सिमेंट आणि त्याच ढिगातली वाळू घेऊन वर्गातल्याच सहदेवच्या गटानं नळाशेजारी एक ओटा बांधला होता. मार्तंडनं ओट्यावर टाच आपटली. ओटा दगडासारखा घट्ट होता.

"मग कमानीच्या मालाला पाणी कुठलं वापरलं?"

"कुंपणापाशी पिंप आहे ना, त्यातलं. संध्याकाळी भरून ठेवतो, सकाळी वापरतो. नळावर सहदेवचा गट होता. कमानीनंतर मात्र पिंप पुन्हा भरलेलं नाही."

पिंप पालथं घातलेलं होतं. आतून बाहेरून घासून स्वच्छ केलेलं. विद्याधर बुचकळ्यात पडले. त्या पिंपाला नेहमी शेवाळ असायचं आणि ते धुवायचं कधी कोणाच्या मनातही आलं नव्हतं. पिंपाखालची जमीन काळपट ओली होती, आणि मुंग्या तिथंही होत्या.

"काल सगळे गेल्यावर इथं कोण राहिलं होतं?"

"एकटी शेवंती. धड विटा निवडून ठेवते म्हणाली."

शेवंती शेडच्या मागे बसली होती. तिशीची, सावळी, हातांना सिमेंटनं चिरा पडलेल्या. मार्तंडनं प्रश्न विचारण्याआधीच ती म्हणाली, "चूक माझी आहे साहेब. माल पातळ झाला असंल." पिंपाचं विचारलं तेव्हा मात्र ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मला नाही ठाऊक, एवढंच बोलली.

परतताना अनंत म्हणाला, "ही काहीतरी लपवतेय रे."

"लपवतेय ना," मार्तंड म्हणाला. "पण स्वतःचा गुन्हा लपवणारा माणूस आधी कबुली देतो का?"

श्यामसुंदर स्टेशनाजवळच्या गोदामात भेटले. माणूस रोखठोक होता. "शिकलेला गवंडी जास्ती रोजी मागणार, ना? म्हणून मला वर्ग नको, हे मी तोंडावर बोलतो. पण सडकं सिमेंट देऊन माझ्याच नावाची वाट कशाला लावू यार? त्या पोत्यातला ओटा बघितला ना तुम्ही?"

राहिला काशीराम मिस्त्री. वर्गाच्या कुंपणापलीकडेच एका देवळाची जुनी विहीर चुन्यात बांधून घ्यायचं त्याचं काम चाललं होतं. मुलुंडमधला चुन्याचा हा बहुधा शेवटचा मिस्त्री. शेवंतीनं वर्गात येण्याआधी वर्षानुवर्षं त्याच्याच हाताखाली घमेली वाहिली होती. ती वर्गात गेली तेव्हा त्यानं भर रस्त्यात तिला बोल लावला होता. मुलुंडमधल्या कोणालाही विचारलं तरी त्यानं कमान पाडणारा म्हणून याच म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं असतं.

म्हातारा घाणीपाशी उभा होता. बैल फिरत होता आणि गड्याला दूर ठेवून तो स्वतःच घाणीत तांबूस पाणी ओतत होता. पाहुणे दिसताच काशीरामनं कोकणी रीतीप्रमाणे मडक्यातलं गार पाणी आणि गुळाचा खडा दिला. अनंतनं दोन खडे खाल्ले.

वर्गाचं नाव काढताच म्हाताऱ्याच्या कपाळाला आठी पडली. "मी थंय पाय ठेवूक नाय. ह्या शिमिटातला माका काय कळत नाय, आणि कळूचा पण नाय. गुरूकडचा गुरूकडेच रवाक होया. ता काय वर्गात वाटूचा असता?"

कमान का पडली असेल, असं मार्तंडनं विचारलं. काशीराम चटकन म्हणाला, "शिमीटच खोटा. पोरीची चूक नाय. तिना विटांका बरोबर उतार दिल्यान. मधली चावीची वीट डावीकडसून हलक्या हातान ठोकल्यान, तशीच ठोकूची असता." बोलून झाल्यावर तो बैलाकडे वळला.

येताना मार्तंड वर्गात गेला, विद्याधरांकडून पिशवीभर सिमेंट आणि वाळू घेतली. पुढे वाण्याकडून गुळाचा एक खडा बांधून घेतला.

"सिमेंटचे लाडू वळणार आहेस काय?" अनंतनं विचारलं. मार्तंडनं पुडी खिशात टाकली.

पुढच्या रविवारी सभा प्लॉटवरच भरली. शेडच्या सावलीत खुर्च्या मांडल्या होत्या. मार्तंडच्या सांगण्यावरून काशीरामलाही बोलावलं होतं, आणि तो आला होता. पण कुंपणाच्या आत न येता तारांपलीकडेच उभा राहिला. शेवंती एका कोपऱ्यात पदर आवळून बसली होती. मार्तंडनं दोन कपबशा काढल्या. दोन्ही कपांत सिमेंटचा माल होता. पहिला कप त्यानं श्यामसुंदरांच्या हाती दिला. त्यांनी नखानं टोकरून पाहिलं, काही निघेना. दुसऱ्यात त्यांचं बोट सरळ आत रुतलं.

"दोन्ही एकाच दिवशी कालवलेत," मार्तंड म्हणाला. "तेच सिमेंट, तीच वाळू. दुसऱ्यात फक्त थोडं गुळाचं पाणी आहे. साखर किंवा गूळ मिसळला की सिमेंट घट्ट होत नाही."

मंडळींत कुजबुज झाली. मार्तंडनं मग एकेक गोष्ट उलगडून सांगितली. ओटा आणि कमान यांत फरक होता तो फक्त पाण्याचा, म्हणून श्यामसुंदर आणि त्यांचं सिमेंट दोघंही सुटले. ढिगावर मुंग्या होत्या त्या चहाच्या नव्हत्या, कारण पिंपाखालच्या जमिनीवरही त्याच होत्या आणि तिथं चहा प्यायला कोणी गेलं नव्हतं. विटा सरळ असल्या की कमानीत पाचरीचं काम त्यांच्यामधला माल करतो. मालच धरला नाही, म्हणून साचा निघताच विटा घसरल्या. शेवंतीचा हात कुठेही चुकला नव्हता.

"म्हणजे कोणीतरी मुद्दाम पिंपात गूळ कालवला," मृणालिनीबाई म्हणाल्या. "इतका कोणाचा राग होता तिच्यावर?"

"सिमेंट बिघडवायचं असतं तर माती टाकली असती, मीठ टाकलं असतं. गूळच का? त्याचं उत्तर मी आणि अनंतनं घाणीपाशी खाऊनसुद्धा पाहिलं होतं. काही जुने मिस्त्री चुन्याच्या मालात गुपचूप गुळाचं पाणी घालतात. त्यानं चुना बळकट होतो, जुनी देवळं त्यावर उभी आहेत. ज्यानं हे पाणी ओतलं त्याला कमान पाडायची नव्हती. त्याला ती टिकायला हवी होती."

कुंपणापलीकडे काशीराम ताठ झाला होता.

"वर्गात पाय न ठेवलेल्या माणसाला शेवंतीनं चावीची वीट कुठून ठोकली ते ठाऊक होतं. तारांमधून तो तिचं काम रोज बघत होता. आणि तारांमधून हात घातला की पिंप हाताशीच आहे." पुढचं बोलणं मार्तंडला जड जात होतं, हे अनंतला दिसलं. "पिंप धुतलं ते मात्र दुसऱ्याच माणसानं. कमान पडल्यावर त्या माणसानं मुंग्या पाहिल्या, पिंपाचा वास घेतला आणि घाणीपाशी वर्षानुवर्षं येणारा तोच वास ओळखला. मग पिंप घासून टाकलं आणि चूक स्वतःवर घेतली."

"साहेब, राहू द्या ना," शेवंती म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "मी म्हटलंय ना माझी चूक. त्यांनी आयुष्यात कोणाला गुरूची गोष्ट दिली नाही. पोटच्या मुलालासुद्धा नाही. मला दिली. ती चव्हाट्यावर कशी आणू मी?"

काशीराम फाटकाकडे वळला, आयुष्यात पहिल्यांदा आत आला आणि खुर्च्यांसमोर उभा राहिला. अनंतला वाटलं होतं म्हातारा भडकेल. पण त्यानं हात जोडले.

"मी घातलंय गूळ," तो म्हणाला. "कमानीच्या मालाक गुळाचा पाणी, ही आमची रीत. गुरून माका सांगलेला, हाताचा काम शिकव पण ह्या गुपित शिकवू नको. पोरगी लोकांसमोर कमान बांधतली, ती पडाक नको, म्हणून पहाटे येवन ओतलंय. शिमिटाक ता चालना नाय, माका ठावक नव्हता." मग तो शेवंतीकडे वळला. "तुझी कमान मीच पाडलंय गो. आणि तू गप रवलंस."

आयुष्यभर मुठीत जपलेलं एकच गुपित म्हाताऱ्यानं प्रेमानं दिलं आणि त्यानंच घात केला. चुन्याचं ते सगळं जग अनंतला त्या क्षणी फार आपलं वाटलं, आणि ते परत येणार नाही हेही कळलं.

श्यामसुंदरांनी खाकरून घसा मोकळा केला. "ठीक आहे, बाईची चूक नाही. मानलं. पण मूळ सवाल तसाच राहतो. बाया थापी धरायला लागल्या तर घमेली कोण उचलणार?"

विद्याधरांनी कमान पुन्हा बांधून दाखवण्यासाठी नळाच्या पाण्यात माल कालवून ठेवला होता. काशीरामनं त्याकडे पाहिलं. डोक्याचं मुंडासं सोडलं, त्याची चुंबळ केली, मालानं भरलेलं घमेलं उचलून डोक्यावर घेतलं आणि खांबांपाशी जाऊन उभा राहिला. मुलुंडमधल्या कोणीही काशीराम मिस्त्रीला घमेलं वाहताना कधी पाहिलं नव्हतं.

"खंय ठेवू, गो?" त्यानं विचारलं.

 शेवंतीनं हातानंच जागा दाखवली. श्यामसुंदरांनी खुर्चीत अंग सावरलं आणि मान खाली घातली. मृणालिनीबाईंनी वर्ग चालू ठेवण्याचा ठराव मांडला तेव्हा श्यामसुंदरांनीही हात वर केला.

शेवंतीनं डोळे पुसले, पदर खोचला, साचा परत लावून घेतला आणि पहिली वीट बसवली. काशीराम खालून तिला माल देत होता, आणि ती सांगेल तेवढाच देत होता.