न मोडलेली फांदी

काचेपलीकडे जांभळाचा एक जाड ओंडका फिरत्या चकतीवर ठेवला होता आणि वलयवाचकाची बारीक निळी रेघ त्याच्या गाभ्याकडून सालीकडे सरकत होती. शरयू ठेंगडी पडद्यावरचं वाचन पाहत उभी होती. नागपुरातल्या घरगुती झाडांचं मूल्य ठरवणं हे तिचं काम. उन्हाळ्याच्या दुपारी घराबाहेर पाऊल टाकायलाच बंदी आली, तेव्हापासून शहरात घराइतकंच मोल सावलीला आलं होतं. ज्याच्या चुकीने झाड गेलं, त्याला नुसती भरपाई देऊन सुटता येत नसे. तेच झाड, तेवढ्याच सावलीचं, त्याच जागी उभं करून द्यावं लागे.

हा ओंडका कुमुदिनी देशकर यांच्या अंगणातला होता. गल्लीत थंड पाण्याची वाहिनी टाकताना ठेकेदाराच्या यंत्राने मुळं छाटली आणि पुढच्याच वादळात जुनं जांभूळ आडवं झालं. शरयूने याआधी काही तरुण झाडं अशी परत उभी करवली होती. इतकं जुनं हे पहिलंच.

“हे बघा,” डॉ. सुगत मेश्राम पडद्यावर बोट ठेवून म्हणाले. झाड झपाट्याने वाढवणारी ऋतुकोठी त्यांनीच उभारली होती. “ही दुष्काळाची वलयं, एकमेकांना चिकटलेली. त्यानंतर कुणीतरी पाणी घालून ते जगवलंय. आणि इथे पश्चिमेची सगळ्यात मोठी फांदी बुंध्यापासून मोडलीय.”

“वादळात?”

“नाही. वाऱ्याचा ताण दुसऱ्या बाजूलाही उमटला असता. फांदीवर वजन आलं होतं.”

शरयूने पडद्यावर मोडीच्या जागी दिसणाऱ्या काळपट डागाकडे बोट केलं. “कोठीत वाढवताना तेवढी एक गोष्ट गाळली तर?”

“मग दुसरंच झाड येईल. आकार काही बीमध्ये लिहिलेला नसतो, मॅडम. झाडाच्या अंगावर हजारो सुप्त डोळे असतात. त्यातला कुठला फुटेल आणि कुठला तसाच राहील, ते झाडावर काय काय गुदरलं यावरून ठरतं. म्हणून तर आपण त्याच्या पेशी वाढवताना त्याचं सगळं आयुष्य त्याला पुन्हा भोगायला लावतो. एका आठवड्यात एक वर्ष. तोच दुष्काळ, तोच वारा, त्याच जखमा.”

“फांदी न मोडता काय होईल, ते गणित करून सांगता नाही येत?”

“चार-पाच वर्षांपुढे नाही. वाढवूनच पाहावं लागतं.”

एवढी मोठी इजा पुन्हा घडवायची, तर नियमाप्रमाणे मालकाची संमती लागे. शरयू सकाळच्या वेळात देशकरांकडे गेली.

कुमुदिनीकाकू सत्तरी ओलांडलेल्या. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच राहत. जांभूळ पडल्यापासून छप्पर उन्हाला उघडं पडलं होतं. पंख्याखाली ओला पडदा लावून त्या बसल्या होत्या, तरी भिंतींतून धग येत होती. शरयूने ऋतुकोठीचं सगळं समजावून सांगितलं आणि मग वजनाने मोडलेल्या त्या फांदीबद्दल विचारलं.

काकूंनी पदराने मान पुसली.

“सलिल जांभळं काढायला चढला होता. माझा मुलगा. मी खालून ओरडले, उतर म्हणून. तर हसून आणखी पुढे सरकला. फांदी भिंतीपलीकडे गेलेली होती. त्यामुळे अंगणातल्या मातीत नाही पडला, बाहेर रस्त्यावर पडला.” त्या थांबल्या. “तुमच्या यंत्राला वजन आल्याचं कळलं म्हणतेस. किती वजन, तेही कळतं का गं?”

ते कळत होतं. वाचनात आकडा होता, आणि तो लहान मुलाचाच होता. शरयूने हातातला वाचनाचा कागद पालथा घातला.

“आता ती पुन्हा मोडायची. कोण मोडणार?”

“यंत्र, काकू.”

“आणि कुणाच्या सांगण्यावरून?”

शरयूने संमतीपत्र पुढे सरकवलं.

“माझ्याच ना? मग नको. नाही मोडायची.”

शरयूने तिला माहीत होतं ते काहीच लपवलं नाही. झाड वेगळं येईल. सावली किती येईल, कुणालाच सांगता येत नाही. नवं झाड येईपर्यंत सवलत आहे, पण त्यानंतरही छप्पर उघडं राहिलं, तर म्हाताऱ्या माणसाला उन्हाळ्यात इथे एकटं राहू देणार नाहीत. फाल्गुनापासून पाऊस सुरू होईपर्यंत महापालिकेच्या शीतनिवासात जावं लागेल. काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि संमतीपत्रातल्या ‘इजा टाळावी’ या शब्दांखाली सही केली.

दीड वर्षाने, थंडीच्या दिवसांत, झाड आलं. रस्ता अडवून, ताणलेल्या दोरांवर तोलत त्याला जुन्या जागी उभं केलं गेलं, तेव्हा शेजारीपाजारी गच्चीवर जमले होते. देखणं झाड होतं. सालीवर कुठे डाग नाही, बुंधा सरळ. पश्चिमेची ती फांदी माणसाच्या कमरेएवढी जाड होऊन, भिंत ओलांडून गल्लीवर पसरली होती. मोठ्या मुलांनाही झेलेल अशी भक्कम.

शरयूने छायामापक लावला. एकदा पाहिलं, मग जागा बदलून पुन्हा पाहिलं. पूर्वेकडे, घराच्या बाजूला, झाडाला जवळजवळ काहीच नव्हतं. दुपारी ऊन पश्चिमेकडून येई, तेव्हा फांदीची सावली अंगणातच संपणार होती आणि छपरावर बुंध्याची तेवढी एक पट्टी पडणार होती.

मेश्रामांनी जुन्या झाडाचं चित्र या झाडाशेजारी लावलं आणि दोन्हींच्या फांद्या ताडून पाहिल्या.

“घरावर आलेल्या तिन्ही फांद्या,” ते हळू आवाजात म्हणाले, “फांदी मोडली त्याच्या पुढच्याच वर्षी फुटलेल्या आहेत. पश्चिमेचा जोर तुटला, म्हणून पूर्वेचे डोळे जागे झाले. तुमच्या घरावरची सगळी सावली त्या जखमेतून आली होती, काकू.”

काकू ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी छपराकडे पाहिलं.

“म्हणजे तो गेला, त्यानंतर दुपारची मी त्या खोलीत पडून असायचे…” मग म्हणाल्या, “हे म्हणायचे, निदान झाडाने तरी आपली माया सोडली नाही.”

मेश्राम घाईने पुढे झाले. “उपाय आहे अजून. पेशी जपून ठेवल्यात. फांदी मोडून पुन्हा वाढवू. किंवा आत्ताच ही फांदी कापू, घराकडचे डोळे फुटतील. फक्त छपरापर्यंत यायला वीसेक वर्षं जातील.”

“मला वीस वर्षं?” काकू म्हणाल्या. “आणि सलिलच्या फांदीला हात नका लावू. ती राहिलीय, राहू द्या.”

शरयूने अहवालात ‘असमतुल्य’, म्हणजे सावली आधीइतकी नाही, असा शेरा दिला. तो खरा होता, आणि तो लिहिताना काकूंचं घरही आपण त्याबरोबर काढून घेतोय हे तिला ठाऊक होतं.

फाल्गुन लागला. शीतनिवासाची गाडी येणार त्या सकाळी शरयू मुद्दाम गेली. काकू एक पिशवी घेऊन दारात तयार होत्या. घर आत्ताच तापायला लागलं होतं. अंगणातही ऊन होतं. सकाळची सगळी सावली भिंतीपलीकडे, गल्लीत पडली होती.

“खुर्ची बाहेर घेशील?” काकूंनी विचारलं.

शरयूने खुर्ची गल्लीत नेली. काकू तिचा हात धरून फाटकाबाहेर आल्या आणि दोन पावलांवर थबकल्या.

“तो पडला, तेव्हापासून या जागेवरून मी गेले नाही. मागच्या दाराने जायचे, मागच्याच दाराने यायचे.” त्या बसल्या. डोक्यावर फांदीला पांढुरका मोहर आला होता आणि त्यात मधमाश्या गुणगुणत होत्या. “फांदी मोडली नसती, तर तो या सावलीत इथेच खेळला असता. घरात कशाला राहिला असता?”

गाडी आली. चालक उतरून म्हणाला, “चला आजी, ऊन चढतंय.”

“थोडं थांब रे बाबा,” काकू म्हणाल्या. “आहे अजून सावली.”

तो गाडीला टेकून उभा राहिला. सूर्य वर येत होता, तशी सावली भिंतीकडे आखडत होती. शरयूने खुर्ची काकूंसकट थोडी सावलीच्या आत ओढली.