गिरणीकडचा गोल

हे मी रचलेलं नाही. रचायचंच असतं तर रात्री बाराचे ठोके दिले असते, कुत्री रडवली असती. हे घडलं भर दुपारी, अडीच हजार माणसांच्या डोळ्यांदेखत.

तारीख १८ नोव्हेंबर १९७८, शनिवार. ठिकाण इंग्लंडमधल्या लँकशायरचं हॅल्डनशॉ.

ज्याच्यासोबत घडलं तो क्लिफ ऑर्मरॉड माझा सासरा. इथे सासऱ्यालाही नावानेच हाक मारतात, म्हणून मीही क्लिफच म्हणतो. पंचवीस वर्षं या गावात काढलीत मी. तो थापा मारणारा माणूस नव्हता. मारली ती एकच थाप, आणि तीच त्याला भोवली.

क्लिफ हॅल्डनशॉ टाउन या फुटबॉल क्लबचा डिफेंडर. सोळाव्या वर्षी क्लबात आला, तो तिथेच म्हातारा झाला. चौथा विभाग, म्हणजे सगळ्यात खालची पायरी. चिखल, थंडगार नळाची अंघोळ, मॅच संपल्यावर मटण भरलेली पेस्ट्री आणि बिअर. चारशेच्या वर मॅचेस आणि गोल फक्त अकरा. नाक तीनदा मोडलेलं. पेपरात नाव आलंच तर चुकीच्या स्पेलिंगने.

त्याच्या मागे गोलात दहा वर्षं एकच कीपर होता. विल्फ टॅटरसॉल.

विल्फला एक खोड होती. बुटाचा चिखल झाडायला तो दोन्ही खांबांना एकेक लाथ घालायचा. आधी डावा, मग उजवा.

टक...

टक...

क्लिफला मागे वळून बघावं लागायचं नाही. तो आवाज आला की विल्फ जागेवर आहे.

डिफेंडरचा सगळा धंदा या विश्वासावर चालतो. बॉल हवेत असतो, नजर वर असते, मागे काय चाललंय ते दिसत नाही. अशा वेळी कीपर ओरडतो, "कीपर!" ही हाक आली की सगळ्यांनी बाजूला व्हायचं. सख्खा बाप मध्ये असला तरी.

नोव्हेंबर १९७४ मध्ये क्लिफ बाजूला झाला नाही.

त्या दिवशी वरच्या विभागातल्या क्लबचा माणूस खेळाडू हेरायला आला होता. क्लिफ तिशीत पोचलेला. ही शेवटची संधी, हे त्याला ठाऊक होतं. मैदानाच्या एका टोकामागे कापडाची गिरणी होती. त्या गिरणीकडच्या गोलासमोर उंच बॉल आला. मागून हाक आली, स्वच्छ, खणखणीत.

"कीपर!"

क्लिफने ती ऐकली. आणि तरी उडी मारली. त्या माणसाने आपलं हेडर बघावं म्हणून.

त्याचा गुडघा विल्फच्या कानशिलात बसला.

विल्फ उठला, हसला, उरलेली मॅच खेळला. त्या काळी असंच असायचं. रविवारभर अंथरुणात होता. सोमवारी सकाळी गेला.

क्लबच्या कमिटीने चौकशी केली. एकच प्रश्न होता. कीपरने हाक दिली होती का?

समोर विल्फची बायको एडना बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून.

"नाही," क्लिफ म्हणाला. "हाक आलीच नाही."

झालं. चूक विल्फची ठरली. मेलेला माणूस थोडाच उत्तर द्यायला येतो... असं क्लिफला वाटलं. वरच्या क्लबवाल्याने मात्र पुढे त्याला विचारलंसुद्धा नाही. तेलही गेलं, तूपही गेलं.

इथे जुन्या खेळाडूंची राख मैदानातच टाकायची पद्धत आहे. बहुतेक जण मध्यभागी टाकतात. एडनाने ती गिरणीकडच्या गोलात टाकली. बरोबर रेषेवर, दोन खांबांच्या मध्ये. क्लिफनेच छत्री धरली होती.

पुढच्या शनिवारी मॅच होती. विल्फच्या जागी आलेला टेरी हॉब्डे गोलात. दुसऱ्या डावात क्लिफची बाजू गिरणीकडे आली. बॉल दूर पलीकडे होता. आणि अचानक लोकांचा गलका थांबला.

थांबला म्हणजे, फक्त क्लिफपुरता. लोकांची तोंडं हलताना त्याला दिसत होती. आवाज नव्हता.

मग मागून...

टक...

टक...

तो गर्रकन वळला. टेरी गोलापासून चांगला दहा पावलं पुढे उभा होता. खांबांजवळ कुणी नव्हतं.

"काय रे? भूत बघितलंस का?" टेरी म्हणाला.

क्लिफ परत मैदानाकडे तोंड करून उभा राहिला.

महिन्याभराने हाकही आली. साधा बॉल होता, शाळकरी पोरानेही मारला असता. लोकांचा आवाज गेला. टक... टक... आणि मागून, "कीपर!"

क्लिफ बाजूला झाला. बॉल टप्पा घेत शांतपणे गोलात गेला.

टेरी धावत अंगावर आला. "झोपलास का रे मेल्या? सोडलास का?"

"तूच ओरडलास ना!"

"मी? मी तोंडसुद्धा उघडलं नाही!"

क्लिफने डोळे मिटले. तो आवाज टेरीचा नव्हताच. दहा वर्षं ऐकलेला आवाज माणूस विसरतो होय?

हे चार वर्षं चाललं. दर मॅचला नाही. दर मॅचला झालं असतं तर सवय तरी झाली असती. कधी सलग दोन शनिवार, कधी पाच महिने काहीच नाही. पण नेहमी गिरणीकडचाच गोल. दुसऱ्या गावी कधी नाही.

लोकांनी त्याला फाडून खाल्लं. ज्या गावासाठी नाक तीनदा मोडून घेतलं, तेच गाव.

"ऑर्मरॉड, आजीला पाठव रे तुझ्या जागी!"

"पलीकडच्यांनी किती पैसे दिले?"

खाटकाच्या दुकानात बायकोला मटण सगळ्यात शेवटी मिळायला लागलं. मुलीला, म्हणजे माझ्या बायकोला, शाळेत पोरांनी घेरून 'सोड! सोड!' म्हणून चिडवलं. ती सात वर्षांची होती. ती हे अजून सांगते, आणि सांगताना हसत नाही.

आणि प्रत्येक मॅचला त्या गोलाच्या मागे, पहिल्या रांगेत, एडना बसलेली असायची. थर्मास आणि घोंगडी घेऊन. ती कधी ओरडली नाही. ती बॉलकडे बघायचीच नाही. ती क्लिफकडे बघायची.

आता त्या शनिवारी काय झालं ते सांगतो.

मॅचआधी मॅनेजर क्लेगने त्याला बाजूला घेतलं. "हे बघ क्लिफ, तू चौतीसचा. गुडघे गेलेत. आज परत बॉल सोडलास ना, तर सोमवारी येऊच नकोस. कळलं?"

"कळलं."

"कोण काय ओरडतं त्याच्याशी तुला देणंघेणं नाही. बॉल आला की मारायचा. बास."

क्लिफला ते पटलं. एवढी साधी गोष्ट आपल्याला चार वर्षं कशी सुचली नाही, असंच त्याला वाटलं. हाक ऐकायचीच नाही. येऊ दे किती यायची ती. दुसरं कुठलंच काम त्याला येत नव्हतं. घराचे हप्ते चालू होते. त्याला आणखी एक वर्ष हवं होतं, फक्त एक.

धुकं होतं. तीन वाजताच दिवे लावावे लागले. दुसऱ्या डावात हॅल्डनशॉ एका गोलाने पुढे, आणि क्लिफ गिरणीकडे.

शेवटची पाच मिनिटं. डावीकडून उंच बॉल आला. धुक्यात वर गेला, दिसेनासा झाला, परत दिसला.

लोकांचा आवाज गेला...

क्लिफने दात आवळले.

टक...

'ये,' तो मनात म्हणाला. 'आज नाही ऐकणार.'

टक...

"कीपर!"

त्याने सगळा जीव एकवटून उडी मारली. बॉल कपाळाला लागला, दूर गेला. त्याच क्षणी गुडघ्याला काहीतरी लागलं. काय लागलं ते त्याला खाली बघायच्या आधीच कळलं. हा धक्का त्याच्या ओळखीचा होता.

टेरी चिखलात पडला होता, तोंडावर दोन्ही हात. बोटांमधून रक्त येत होतं.

आवाज परत आला. अडीच हजार माणसं एकदम किंचाळत होती.

टेरी वाचला. डावा डोळा गेला. तिसऱ्या दिवशी क्लिफ हॉस्पिटलात गेला, तेव्हा टेरीने पट्टीबाहेरच्या एका डोळ्याने त्याच्याकडे बघितलं.

"मी हाक दिली होती, क्लिफ. बेंबीच्या देठापासून ओरडलो मी."

"मला वाटलं..."

"काय वाटलं? बोल ना. काय वाटलं तुला?"

क्लिफ टोपी हातात घेऊन उभा राहिला. मग टेरीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

परत तीच कमिटी. तेच टेबल, तेच चहाचे कप, तोच प्रश्न. कीपरने हाक दिली होती का?

नाही म्हटलं असतं तर खपलं असतं. धुकं होतं, गोंगाट होता. अध्यक्ष तर त्याला वाचवायलाच बसले होते. "कदाचित तुला ऐकू आली नसेल, हो ना क्लिफ?"

"आली," तो म्हणाला. "टेरीने हाक दिली होती. आणि विल्फनेही दिली होती. चार वर्षांपूर्वी. मी ऐकली होती. मी खोटं बोललो."

मग अध्यक्षांनी पेनाचं टोपण लावलं.

"तुला धक्का बसलाय. झालेल्या गोष्टी उकरू नकोस. आपण टेरीपुरतंच लिहू."

आणि टेरीपुरतंच लिहिलं. क्लिफचा करार तिथेच संपला. विल्फची चूक कागदावर होती, तशीच राहिली. खोटं बोलला तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला. खरं बोलला तेव्हा कुणी लिहूनसुद्धा घेतलं नाही.

तिथून तो थेट एडनाकडे गेला. ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. त्याने उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

तिने सुरी थांबवली नाही.

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे?"

"रविवारभर शुद्धीवर होता तो. सगळं सांगितलं मला. त्या चौकशीत तुझ्या तोंडाकडेच बघत होते मी. म्हटलं, आता सांगेल, मग सांगेल."

"मग तू का नाही बोललीस?"

"त्यानेच अडवलं. म्हणाला, एडना, क्लिफ आपणहून बोलला तर ठीक. मला कुठेही टाक. नाही बोलला, तर कुणाला काही सांगू नकोस. मला फक्त त्या गोलात टाक." तिने बटाटा पाण्यात सोडला. "त्याच्या मागे, म्हणाला. मी नेहमी असतो तिथे."

क्लिफ म्हणाला, "आता बोललो ना मी. आज सांगितलं सगळं, कमिटीला."

एडनाने पहिल्यांदा मान वर केली.

"लिहून घेतलं त्यांनी?"

क्लिफने नकारार्थी मान हलवली.

"मग?" ती म्हणाली, आणि पुढचा बटाटा उचलला.

त्यानंतर क्लिफ कधी मैदानात गेला नाही. पुढे मैदान गेलं, गिरणी गेली, आता तिथे घरं आहेत. आपल्याकडे निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. आमच्या घरी नियम त्याहून कडक होता. आमच्या मुलांना ताकीदच होती, आजोबांना मागून हाक मारायचीच नाही, कधीच नाही. समोर जाऊन बोलायचं. आणि त्याची खुर्ची कायम भिंतीला टेकलेली असायची.

गेल्या मार्चमध्ये तो गेला. शेवटच्या दुपारी मी एकटाच त्याच्याजवळ होतो. पलंगही भिंतीला टेकवलेला. बाहेर रस्त्यावर पोरं खेळत होती, बराच गलका होता.

एकाएकी क्लिफने माझं मनगट धरलं. ओठ हलत होते. मी कान जवळ नेला.

"परत थांबलं रे सगळं," तो म्हणाला.

"काही नाही क्लिफ. पोरं खेळताहेत. ऐक ना, केवढी ओरडताहेत."

असं मी म्हणालो खरा. पण बोलताबोलता माझ्याच लक्षात आलं. पोरांचा आवाज येत नव्हता. खिडकीतून ती दिसत होती, तोंडं उघडी, हात वर.

आणि भिंतीच्या आतून, क्लिफच्या उशीच्या डावीकडून...

टक.

मी उजवीकडून यायची वाट बघत राहिलो. तो आवाज काही आला नाही. क्लिफचा हात माझ्या हातात सैल पडला आणि पोरांचा गलका परत सुरू झाला.

दुसरा आवाज कुणासाठी ठेवलाय, ते मला माहीत नाही. कमिटीतला कुणी आता जिवंत नाही, एडनाही नाही. खरं काय ते क्लिफने फक्त मलाच सांगितलं होतं; ते ठाऊक असलेला मीच एक उरलो होतो. म्हणून हे लिहून काढलं, नावांसकट.

तरीही परवापासून मी माझी खुर्ची भिंतीपासून लांब ओढलीय.