सतरा नंबरचा खण

"फोन."

काउंटरमागच्या माणसाने मान वर न करता हात पुढे केला. त्याच्या दुसऱ्या हातात सुई होती आणि सुईत मेण लावलेला दोरा.

तिने फोन दिला, पण चटकन सोडला नाही. क्षणभर एकच फोन दोघांच्या हातात राहिला... मग त्याने वर पाहिलं.

"सोडा की. खात नाही मी त्याला."

ती ओशाळली. फोन भिंतीतल्या सतरा नंबरच्या खणात गेला आणि तिच्या तळहातावर सतरा आकड्याचा पितळी बिल्ला आला.

ती भाषांतरकार होती. झाडांच्या रोगांवरचं एक जाडजूड पुस्तक तिच्याकडे होतं आणि त्याच्या दोन मुदती हुकून गेल्या होत्या. "तीस तारखेला सगळी पानं नाही आली, तर मी काम दुसऱ्या कुणाला देते हं," असं प्रकाशकबाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. आज चार तारीख होती आणि एकशे तीस पानं बाकी होती.

तशी ती आळशी नव्हती. एखादा शब्द बघायला फोन उघडायची आणि पाऊण तासाने भानावर यायची. तोवर कुणी अनोळखी गृहस्थ आपल्या घराचं छत कसं रंगवतात, ते बघून झालेलं असायचं. घरी तिने फोन पिठाच्या डब्यातही लपवून पाहिला. फोन पांढरा झाला, बाकी काही नाही. शेवटी वहिनी म्हणाली, "त्या जुन्या वाचनालयात जा बाई. तिथे दारातच फोन काढून घेतात. तुला तेच औषध."

चाळीस मिनिटांत ती बिल्ला घेऊन काउंटरशी हजर.

"एकच शब्द बघायचाय."

"बघा ना. पण फोन घेतला की आजच्यापुरतं आत बसणं संपलं. नियम आहे."

"अहो, एक शब्द! सालीवर येतो तो..."

"त्याला वनस्पतिकोश आहे."

"कुठाय?"

त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "हा काय. शिवतोय. देतो थोड्या वेळात."

तो इथला बाइंडर. फाटकी पुस्तकं शिवता शिवता काउंटरही सांभाळायचा. थोडा वेळ म्हणजे किती, हे विचारायला ती आणखी तीनदा आली, दर वेळी तीस तारखेची मुदत ऐकवत. शेवटी कोश हातात पडला तेव्हा त्याच्या पाठीवरची खळ ओलीच होती. त्या दिवशी दोन पानं झाली.

पुढे मात्र कामाला वेग आला. निघताना बिल्ला परत घेत तो विचारायचा, "आज किती?" ती म्हणायची, "सहा." तो म्हणायचा, "वा!" एवढंच. पण दुपारी डोळे मिटायला लागले की ती त्या 'वा'साठी आणखी एक पान ओढायची.

फोन लागत नाही म्हटल्यावर आईने वाचनालयाच्या फोनचा नंबर शोधून काढला.

"आईंचा निरोप आहे," तो गंभीरपणे सांगायचा. "छत्री आणलीय का, विचारतायत." आणि दोन दिवसांनी, "मी कुठे जेवतो, तेही विचारत होत्या."

"अरे देवा! मग?"

"म्हटलं, स्वतः करून खातो. खूश झाल्या."

एकवीस तारखेला तिला कोशात 'श' लागला. तोवर त्या बाजूला जायचं काम पडलं नव्हतं. पाहते तर काय, सलग सोळा पानं उलटी शिवलेली! कोश उचलून ती थेट काउंटरवर.

"अहो बाइंडर, शेवाळ वाचायला मी डोक्यावर उभी राहू का?"

तो हसला नाही. कानापर्यंत लाल झाला. तिने मागच्या पुठ्ठ्यावरची चिठ्ठी पाहिली. बांधणीची तारीख होती चार.

"अकरा वर्षांत पहिल्यांदाच," तो हळूच म्हणाला.

"मी घाई केली म्हणून?"

"घाईचं काही नाही..." त्याने दोरा बोटाभोवती गुंडाळला. "तुम्ही पेन्सिल केसांत खोचली होती, आणि पाच मिनिटांनी तीच टेबलाखाली शोधत होतात. मी बघत राहिलो. सगळ्यांचे फोन मी ठेवून घेतो हो... पण माझं लक्ष कोण ठेवून घेणार?"

बाहेर रिमझिम चालली होती. तिला उगाचच ती फार मोठ्याने ऐकू आली.

"कळलं कधी?"

"दुसऱ्याच दिवशी."

"मग उसवलं का नाही?"

"आठवडा लागला असता. तुमचं काम अडलं असतं."

कोश छातीशी धरून ती जागेवर परतली आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला. त्या दिवशी तीन पानं झाली, नंतर दोन, मग पुन्हा दोनच. मान सारखी काउंटरकडे वळायची. फोन दाराशी ठेवता येतो, माणूस कुठे ठेवायचा?

पंचवीस तारखेला तीस पानं बाकी होती. "आज किती?" त्याने विचारलं. "एक," ती म्हणाली. तो 'वा' म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर ग्रंथपालमावशी बसल्या होत्या.

"बाइंडर?"

"मागच्या खोलीत. तीस तारखेपर्यंत तिथेच बसतो म्हणाला. काय खूळ घेतलंय डोक्यात, त्यालाच ठाऊक."

तिला आधी रागच आला. एवढं बोलून आता तोंड लपवतोय! मग तारीख लक्षात आली, आणि राग कुठल्या कुठे गेला. तिने पेन्सिलीला टोक काढलं. पाच दिवस तिने मान वर केली नाही.

तीस तारखेला दुपारी प्रकाशकबाई स्वतः आल्या. पानं दोनदा मोजून म्हणाल्या, "अगं, खरंच केलंस की!"

तिने मागच्या खोलीचं दार ढकललं. आत खळीचा वास होता. टेबलावर वनस्पतिकोश उसवून पडला होता. कोशाची गरज संपल्याचं तिने सकाळीच मावशींकडून बाइंडरला कळवलं होतं, आणि आता 'श'ची पानं सुलटी होऊन दोऱ्याची वाट बघत होती.

"आज किती?"

"सगळी."

"वा!"

इतक्या दिवसांनी ऐकला तो शब्द. तिचे डोळेच भरून आले.

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. "कधीचं सांगायचं होतं, पण मग पानं राहिली असती."

"मला तर चार तारखेपासून..." त्याने कोशाकडे बोट दाखवलं. "पुरावा आहे."

ती रडता रडता हसली. काउंटरशी आल्यावर त्याने सतरा नंबरचा खण उघडला. तिने बिल्ला पुढे केला, आणि मागे घेतला.

"राहू दे फोन. आधी चहा घेऊ."

त्याने खिशातून स्वतःचा फोन काढला आणि त्याच खणात, तिच्या फोनशेजारी ठेवला.

"पण आईला कळवायला हवं," ती म्हणाली, "उशीर होईल म्हणून."

"सकाळीच कळवलंय."

"सकाळी? आणि मी नाही म्हटलं असतं तर?"

"तेच मी आईंना विचारलं. म्हणाल्या, नाही म्हणाली तर मला फोन कर, मी बघते तिच्याकडे."

दोघं पायऱ्यांपर्यंत पोचली असतील, तोच मागे खणात फोन थरथरायला लागला. दोघांपैकी कुणाचा, हे बघायला कुणीच वळलं नाही.