पुसलेला अंगठा

पटो न पटो, हे घडलेलं आहे.

ज्यांच्या बाबतीत घडलं ते बालाजीराव चेन्नईत, अण्णा नगरला राहतात. तिखटमीठ लावून सांगणाऱ्यांतले ते नव्हेत. चारचौघांत तोंड उघडायचीच त्यांना चोरी.

गेल्या नोव्हेंबरातला शनिवार. रात्र नव्हती... भर दुपार होती.

निवृत्तीनंतर त्यांनी घरबसल्या एक काम धरलं होतं. कोर्टाच्या जुन्या कागदांचे स्कॅन संगणकावर दुरुस्त करायचे. वाकडं पान सरळ करायचं, फुटकी अक्षरं जुळवायची, डाग पुसायचे.

गोदाबाई, त्यांच्या पत्नी, टी. नगरला साडी घ्यायला निघाल्या होत्या.

"जेवण झाकून ठेवलंय. त्या पेटीकडे बघत बसाल आणि विसराल!"

"नाही गं विसरत."

"अय्यो! मग काल कोण विसरलं? शेजारचे राममूर्ती?"

दार लागलं.

समोर तंजावरकडच्या एका घराच्या दाव्याचे कागद होते. भवानीबाई नावाच्या विधवेची जुनी जबानी. 'घर माझे आहे. मी कोणास दिलेले नाही.' पानाच्या तळाशी करडा डाग होता. बालाजीरावांनी तो सवयीनं पुसला. पान सेव्ह केलं.

मग त्यांची नजर शेवटच्या ओळीवर गेली.

'वाचून दाखविले, बरोबर आहे म्हणून अंगठा केला.'

तो डाग नव्हता...

त्यांनी काम देणाऱ्या संजीवला फोन लावला. हा पुण्याचा पोरगा, ऑफिसात बसून सगळी पानं गोळा करायचा.

"संजीव, मूळ कागद मिळेल का रे?"

"कुठला, काका! आता भुगाच उरलाय. वाळवी लागली होती. म्हणून तर स्कॅन केले."

"मग जुना स्कॅन?"

"तुम्ही सेव्ह केलंत ना? मग नवा त्याच्यावरच बसला. का, काय झालं?"

"काही नाही... सहज."

"संध्याकाळपर्यंत पाठवा हं. सोमवारी त्या बाईच्या नातवाची सुनावणी आहे. घर राहतंय की जातंय, त्या जबानीवरच आहे म्हणे."

फोन ठेवला आणि त्यांच्या लक्षात आलं...

रस्त्याचा आवाज येत नव्हता. बस नाही, रिक्षा नाही. डोक्यावर पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज नव्हता.

एकच आवाज होता.

काचेवर ओलं बोट घासल्यासारखा...

तो पडद्याच्या आतून येत होता.

पुसलेल्या जागी एक ओलसर ठसा उमटला. बालाजीरावांनी रुमालानं काच पुसली. ठसा गेला नाही. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. आपलेच डोळे गेले असतील, दुसरं काय?

पण ठसा अंगठ्याचाच होता. फक्त त्याला रेषा नव्हत्या. एकही नाही.

मग तसलाच एक ठसा टेबलावर उमटला.

मग माऊसशेजारी...

मग त्यांच्या उजव्या हाताच्या अगदी जवळ.

"आई," ते पडद्यावरच्या भवानीबाईंच्या नावाकडे बघत कसेबसे म्हणाले, "माझी चूक झाली. भरून देतो."

खणात जुना स्टॅम्पपॅड होता. त्यांनी स्वतःचा अंगठा कागदावर उमटवला, फोनवर फोटो काढला आणि तो ठसा पुसलेल्या जागी बसवला. हे खोटं आहे, गुन्हा आहे, हे कळत होतं. हात थांबला नाही.

पान पाठवलं, आणि खाली रिक्षाचा भोंगा वाजला. पंखा कुरकुरला.

घर नातवाकडेच राहिलं, असं संजीवनं नंतर सांगितलं. बालाजीरावांनी सुटकेचा निःश्वास सोडला. तेव्हा गोदाबाईंनाही काही सांगितलं नाही.

महिनाअखेरीला हयातीचा दाखला द्यायला दोघं बँकेत गेली. पेन्शनर जिवंत आहे, हे बोटाच्या ठशावरून ठरतं. यंत्रानं अंगठा घेतला नाही. पुसून ठेवला, तरी नाही.

"वय झालं की रेषा झिजतात, सर," काउंटरवरची बाई म्हणाली. "दुसरं बोट ठेवा."

तर्जनी ठेवली. यंत्रानं ती लगेच घेतली.

गोदाबाई मात्र नवऱ्याचा हात उजेडात धरून बघत राहिल्या.

"झिजला कुठं हो? हा सोललेल्या अंड्यासारखा झालाय..."

तेवढ्यात फोन वाजला. संजीव होता.

"काका, तुमची ती जुनी फाईल परत तपासायला आलीय. जबानीच्या पानावर अंगठा दिसत नाही. जागा कोरी आहे. आणि शेजारी एक नवाच डाग आलाय बघा. बोटासारखा... आधी नव्हता हो हा."

"संजीव, थांब! हात लावू नकोस!"

"अहो, एवढ्याशा डागाला काय घाबरताय? हा बघा, पुसलासुद्धा."

फोनमधून माऊसची टकटक ऐकू आली.

बालाजीरावांनी तिथंच उजवी मूठ आवळली. तर्जनी बघायचा धीर त्यांना झाला नाही.

आजही ते डाव्या हातानं जेवतात.