नजराण्याचे पाणी

पहाटेच्या धुक्यातून भिवरगड दिसण्याआधी त्याचा वास येई. वेढा पडल्यापासून शत्रूच्या गरनाळा, त्या आखूड तोफा, दारू भरलेले कुलपी गोळे तटावर नव्हे, तटाखालच्या पेठेत टाकीत होत्या. गोळा फुटे, घर बसे, आणि घरातली माणसे, गुरे, शेणखई सारे पेठेच्या एकुलत्या तळ्यात उतरे. पेठ तेच पाणी पिई.

दाऊद जर्राह पेठेतल्या धर्मशाळेत जखमा कापीत होता. गोळ्याचे तुकडे तो काढी. हगवण कापणारी सुरी त्याच्याकडे नव्हती.

"भाऊ, पायाचं राहू दे," ठकूबाई कासारीण म्हणाली. "पाणी दे. चांगलं."

चांगले पाणी बालेकिल्ल्याच्या टाक्यात होते. तोफा निववायला ओली लोकर फिरवावी लागे, म्हणून किल्लेदार निळकंठरावांनी टाक्याला कुलूप घातले होते.

आणि दरबार.

होय, दरबार! तटाचा चिराही ढळला नाही म्हणून. जखमींच्या सेवेबद्दल दाऊदला मानाची वस्त्रे जाहीर झाली. वस्त्रे घेणाऱ्याने आधी नजर, म्हणजे भेट, करावी, धन्याने हात लावून ती स्वीकारावी, हात लावलेली परतवू नये, ही गडाची रीत. दाऊदने झाकलेले ताट पुढे केले. किल्लेदारांनी सवयीने हात लावला, मग रुमाल उचलला.

पेला. हिरवट पाणी. वर केसांचा पुंजका.

कुणी हसले. कुणी ओकले.

"हे काय, जर्राह?"

"पेठेचं पाणी, सरकार. नजर कबूल झाली. आता एक घोट घ्यावा, नाहीतर टाकं उघडावं."

"तोफा तापून फुटतील. गड जाईल!"

"राखायचा कुणासाठी? रयत तर हगून हगून मरतेय."

"तोफेच्या तोंडी द्या याला!"

"कुठल्या तोफेच्या?" येसबा गोलंदाजाने विचारले. त्याची लेक पेठेत होती. "माझ्या तर आजपासून थंड." ओली लोकर त्याने गादीपुढे फेकली. टाक्यावरच्या पहारेकऱ्याने न सांगता कुलूप काढले.

पाणी पेठेत उतरले. तोफा मुक्या झाल्या. सांजेला गड पडला. ठकूबाई पाणी पोचण्याआधीच मेली होती.

जिंकलेला सरदार नाकाला शेला लावून पेठेतून आला.

"आमच्या गोळ्यांनी शिपाई किती पडले?"

"एकही नाही," दाऊद म्हणाला.

"मग ही घाण कसली?"

"तुमचीच, सरदार. गड घेतलात, हीही घ्या."

सरदाराने घोडा वळवला. दाऊदने पुढच्या म्हाताऱ्याच्या ओठाला टाक्याचे पाणी लावले. म्हातारा घटाघटा प्याला, आणि सगळे ओकला.