इल्पो नावाचा फोल्डर

बायको रायली गेल्याचं इल्पोला मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी दवाखान्यातून फोनवर कळलं. दुपारी पाद्रीबाई घरी आल्या. अंत्यविधीला चार शब्द बोलायचे होते, म्हणून त्यांनी विचारलं, तुम्हा दोघांची ओळख कशी झाली? इल्पोने त्यांच्यापुढे कॉफीचा कप सरकवला. मग म्हणाला, "तिने माझ्याकडे माझीच तक्रार केली होती."

खरंच तसं झालं होतं. तेवीस वर्षांपूर्वी इल्पो राउमा गावच्या गोदीत जहाजांची ड्रॉइंग काढायचा आणि हौसेने गावातल्या लेस विणणाऱ्या बायकांच्या मंडळाची वेबसाइट सांभाळायचा. एकशे बारा जुने नमुने त्याने स्कॅन केले होते. यादीवरून पान आपोआप तयार व्हायचं आणि प्रत्येक नावाला एक लिंक लागायची. नावावर क्लिक केलं की नमुना उघडायचा. जुलैत गावात लेसचा उत्सव, लेस-सप्ताह, भरायचा; त्याआधी हे नमुने सगळ्यांना मिळायला हवे होते.

एप्रिलमध्ये एका बाईचा फोन आला. एकही नमुना उघडत नाही म्हणाली. इल्पोने तिथल्या तिथे क्लिक करून पाहिलं. उघडला. तसं त्याने सांगितलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "असं करा, माझ्या घरी येऊन उघडून दाखवा. नाही उघडला, तर कॉफी तुम्ही करायची."

रायलीने दार उघडलं तेव्हा तिच्या ओठांत चार टाचण्या होत्या. बोलता येईना, म्हणून तिने डोळ्यांनीच खुर्ची दाखवली. ते डोळे हसत होते… इल्पोने क्लिक केलं. काही नाही. दुसरा नमुना – काही नाही. मग त्याने लिंकमधला पत्ता नीट वाचला आणि त्याचे कान तापले. प्रत्येक लिंक 'इल्पो' नावाच्या फोल्डरकडे जात होती. तो फोल्डर त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर होता, म्हणून त्याच्याकडे सगळं उघडायचं. इथे तो नव्हताच.

रायलीने टाचण्या काढून विणायच्या उशीत खोचल्या. "म्हणजे सगळ्या गावाला जेवायला बोलावलंत," ती म्हणाली, "आणि ताटं स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावलंत."

कॉफी त्याने केली. कडू झाली. ती दोन कप प्यायली.

नमुने मंडळाच्या सर्व्हरवर चढवणं हाच खरा उपाय होता. पण तिथे जागा कमी होती, आणि ती वाढवून घ्यायला वेळ लागणार होता. तोवर निदान तिथे लिंक उघडाव्यात म्हणून इल्पोने रायलीच्या कॉम्प्युटरवर आपल्याच नावाचा फोल्डर बनवला. दर गुरुवारी सीडीवर थोडे थोडे नमुने आणून त्यात भरतो म्हणाला. तो यायचा, दहा नमुने भरायचा आणि मग बसून राहायचा. ती लेस विणायची आणि तिच्या बोटांखाली धागा गुंडाळलेल्या लाकडी दांड्या टकटक वाजायच्या. खिडकीतून रानचेरीच्या फुलांचा वास यायचा. तुमच्या गोदीतली जहाजं याहून लवकर तयार होत असतील, असं ती चिडवायची.

सातव्या गुरुवारी तिने सीडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"हिच्यात किती नमुने मावतात?"

इल्पो खिडकीबाहेर बघू लागला. "सगळे…"

"आणि तुम्ही दहा-दहाच आणता."

"हो."

"का?"

"संपले, तर – मग यायला कारण काय सांगू?"

रायली खाली मान घालून एक दांडी बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, "कारण विचारलंय कोणी? पुढच्या गुरुवारी नुसताच ये."

तो नुसताच गेला. नमुने बाहेर फक्त तिच्याकडेच उघडायचे, म्हणून त्या वर्षीच्या लेस-सप्ताहात बायका ते बघायला रायलीच्या घरी रांगेने आल्या. शरदात दोघांनी लग्न केलं. मग बायका त्या दोघांच्या घरी येऊ लागल्या. वेलचीचे पाव खायच्या, नमुने बघायच्या, छापून न्यायच्या. या हिवाळ्यात सर्व्हरचं काम उरकतो, असं इल्पो दर वर्षी म्हणायचा. राहू दे रे, घर भरलेलं बरं वाटतं, असं रायली दर वर्षी म्हणायची.

गेल्या ऑक्टोबरात मात्र ती म्हणाली, "माझ्यामागे बायका कुणाकडे येतील? चढव आता."

इल्पो हो म्हणाला. दुसऱ्याच आठवड्यात तिचं दुखणं निघालं आणि हिवाळा दवाखान्यात गेला.

एकशे बारा नमुने सर्व्हरवर चढवायचे अजून राहिले आहेत.